जुनी ‘स्टार ट्रेक’ मिळून पुन्हा पाहायची, ती कशी: कोकणातल्या नव्या मंडळींसाठी

एखादी मालिका पहिल्यांदा पाहणे आणि तिचा एक भाग जाणत्या मंडळींबरोबर पुन्हा पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला थोडी तयारी लागते. ‘स्टार ट्रेक’ची, म्हणजे अवकाशजहाजावरच्या विज्ञानकथांची, मूळ मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन पर्वांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये थांबली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली, त्यामुळे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आज साठीच्या आसपास असलेली काही माणसे अशी भेटतात, ज्यांनी शेजारच्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून जहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा परग्रहावरचा, तर्काने चालणारा सहकारी स्पॉक पाहिलेले असतात. अशी माणसे आणि त्यांची कॉलेजात जाणारी भाचरे-पुतणे एकत्र बसून एखादा भाग पाहू लागली, की पहिल्यांदाच आलेल्या माणसाला आपण नक्की काय करायचे ते कळत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि अशी बैठक आपल्या घरी भरवू पाहणाऱ्यासाठीही आहे.

ज्या माणसाने दशावतार पाहिला आहे, त्याला पुन्हा पाहण्यातली गंमत निराळी समजावून द्यावी लागत नाही. जत्रेच्या रात्री आख्यान कोणते आणि शेवटी कोणाचा वध होणार हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी माणसे पहाटेपर्यंत बसतात, ती आज राजा कोण झाला आहे आणि तो प्रवेश कसा वठवतो हे पाहण्यासाठी. कथा माहीत असली की लक्ष मोकळे होते. पुढे काय होणार ही चिंता संपते आणि कोणाला काय केव्हा कळले, कोणी कोणता निर्णय कशाच्या बळावर घेतला, हे दिसू लागते. पुढच्या सगळ्या सूचना एवढ्या एका गोष्टीसाठी आहेत.

भाग निवडणे

पहिल्या बैठकीला एकच भाग घ्यावा. मूळ मालिकेतला जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. मागचे काही न पाहता तो समजतो, त्यामुळे क्रमाने सुरुवात करण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. काही उत्साही मंडळी ‘द केज’ या पहिल्या चाचणी भागापासून आरंभ करावा असे सांगतात. त्यांचे ऐकू नये. तो भाग वाहिनीने नाकारला होता, त्यात कर्क नाहीच, पाइक नावाचा निराळा कॅप्टन आहे, आणि नव्या माणसाला पुढे कोणाची ओळख ठेवायची हेच त्यातून कळत नाही.

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेला भाग सर्वांत नावाजलेला आहे, पण तो पहिल्या बैठकीला जड जातो; शेवटानंतर कोणी फारसे बोलत नाही, आणि बैठकीत बोलणे तर व्हायला हवे. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा २९ डिसेंबर १९६७ चा भाग अगदी हलकाफुलका आहे आणि लहान मुले असतील तर चांगला, मात्र तो आधी पाहिला की ही मालिका विनोदी आहे असा समज होऊन बसतो. आमच्या किनाऱ्यावर सर्वांत चांगला रंगणारा भाग माझ्या मते ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा आहे. तो ९ मार्च १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला, त्याचे लेखन जीन एल. कून यांचे आणि दिग्दर्शन जोसेफ पेव्हनी यांचे आहे. त्यात खाण आहे, खाणकामगार आहेत, खडक आहे आणि अंडी आहेत. या चारही गोष्टींवर कोकणातल्या माणसाला स्वतःचे असे काही म्हणायचे असते.

पुढे या भागाची कथा शेवटापर्यंत येणार आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही आणि कोरेपणाने पाहायचा आहे, त्यांनी ‘पहिली फेरी’ या मथळ्यापाशी वाचन थांबवावे आणि भाग पाहून परत यावे.

प्रत पाहून घेणे

बैठकीच्या आदल्या दिवशी आपल्याकडची प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहावी. मूळ भाग सुमारे ५० मिनिटांचा आहे. आपली प्रत ४३-४४ मिनिटांतच संपत असेल तर ती नंतरच्या पुनःप्रक्षेपणासाठी, जाहिरातींना जागा करण्याकरता कापलेली असण्याची शक्यता मोठी, आणि अशा कापाकापीत नेमकी छोटी, वरवर बिनमहत्त्वाची वाटणारी दृश्ये जातात. पुन्हा पाहणाऱ्याला तर तीच हवी असतात.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. २००६ मध्ये ही मालिका नव्याने स्वच्छ करून तिच्यातली अवकाशातली दृश्ये संगणकावर पुन्हा तयार करण्यात आली. ब्ल्यू-रे संचात जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे निवडता येतात. पुन्हा पाहण्याच्या बैठकीला जुने रूप लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळी हाताशी काय होते आणि त्यातून काय उभे केले गेले हे त्यावाचून कळत नाही. ‘द डेव्हिल इन द डार्क’मध्ये बहुतेक कथा बोगद्यांतच घडते, त्यामुळे नवे रूप मिळाले तरी बिघडत नाही. मात्र टीव्हीवर चित्र ताणलेले नाही ना, हे जरूर तपासावे. चित्राची मूळ चौकट चारास तीन या प्रमाणाची आहे, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते दिसत नसतील आणि स्पॉक अंगाने भरलेला वाटत असेल, तर रिमोटवरून चित्राचे प्रमाण बदलून घ्यावे.

भाग इंग्रजीत आहे आणि बोलणे बरेच जलद आहे. इंग्रजी सबटायटल सर्वांसाठी चालू ठेवावेत. ज्यांना इंग्रजी उत्तम येते त्यांनी याबद्दल नाक मुरडू नये.

जागा, पाऊस आणि वीज

घरातली पडवी किंवा माजघर पुरते. प्रोजेक्टर असेल आणि भिंत चुन्याची, गुळगुळीत असेल तर पडदाही लागत नाही. जांभ्याच्या उघड्या भिंतीवर मात्र पांढरी चादर ताणून बांधावी, कारण चिऱ्यांच्या भोकांत चित्र हरवते. अंगणात पडदा लावण्याचा मोह जून ते सप्टेंबर या काळात तरी आवरावा. पावसाचा भरवसा नाही हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे उजेडावर झुंडीने येतात आणि कर्कच्या तोंडावर बसतात.

पावसाळ्यात घरात बसलो तरी दोन अडचणी उरतात. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा सबटायटल खरोखर उपयोगी पडतात. आणि वाऱ्यात लाईट जाते. इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, प्रोजेक्टर किती वेळ चालेल हे आधीच आजमावून ठेवावे. नेटवर विसंबून राहू नये. भाग रीतसर विकत घेऊन किंवा वर्गणी भरलेल्या सेवेवर आधी उतरवून ठेवावा, म्हणजे ऐन प्रसंगी गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसावे लागत नाही. डीव्हीडी वापरणाऱ्यांनी तबकडी पुसून, उजेडात तिरकी धरून पाहावी. खाऱ्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या तबकड्यांवर बुरशीचे डाग धरतात आणि चित्र नेमके मध्येच अडकते.

घरच्या मंडळींत पाहणे आणि वाचनालयाच्या सभागृहात फलक लावून लोकांना दाखवणे यात फरक आहे. जाहीर खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते. ती नसेल तर बैठक घरगुतीच ठेवावी.

दिवस निवडताना गणपती आणि शिमगा टाळावेत. त्या दिवसांत चाकरमानी घरी आलेले असतात आणि माणसे भरपूर जमतील असे वाटते, पण कोणालाही सलग अडीच तास मोकळे मिळत नाहीत. आरतीला, भजनाला, पालखीला कोणीतरी उठत राहते. आणि अडीच तास तर लागतातच.

कोणाला कुठे बसवावे

भाग पहिल्यांदाच पाहणाऱ्यांना पुढे बसवावे आणि अनेकदा पाहिलेल्यांना मागे. यात मानापमानाचा प्रश्न नाही. जाणत्या माणसाच्या चेहऱ्यावर पुढचा प्रसंग आधीच उमटतो, आणि शेजारी बसलेल्या नव्या माणसाचे लक्ष पडद्यावरून त्या चेहऱ्याकडे जाते. जाणत्यांनी पहिल्या फेरीत संवाद आधी म्हणून दाखवू नयेत. “आता बघ हं” हे तीन शब्द तर बैठकीत पूर्ण वर्ज्य समजावेत.

खाणे दोन फेऱ्यांच्या मध्ये ठेवावे. भाग चालू असताना पापड, चिवडा, वेफर्स असे काही कुरकुरणारे हातात देऊ नये. कोकम सरबत किंवा चहा पुरतो. खाजे आणि काजू नंतर.

पहिली फेरी: न थांबता

पहिल्या फेरीत भाग सलग पाहावा. रिमोट घरमालकाच्या हाती, आणि लाईट गेली नाही तर त्याने तो वापरायचा नाही. नव्या माणसाने वही घेऊन बसू नये. त्याने एकच गोष्ट मनात धरावी: आपल्याला त्या प्राण्याची भीती वाटायची कोणत्या क्षणी थांबली. जाणत्यांनी छोट्या टिपणवहीत फक्त दृश्याची खूण लिहावी, मत लिहू नये. मत पुढे बदलते.

कथा थोडक्यात अशी. जेनस सहा या ग्रहावर पर्जियम नावाच्या मौल्यवान खनिजाची खाण आहे. नवा मजला खणायला घेतल्यापासून बोगद्यांत काहीतरी वावरते आहे आणि पन्नासहून अधिक माणसे जळून मेली आहेत. कर्क आणि स्पॉक यांचे एंटरप्राइझ हे जहाज मदतीला येते. मारणारा प्राणी खडकातून सहज वाट काढतो, कारण त्याचे शरीर आपल्यासारखे कार्बनवर नव्हे तर सिलिकॉनवर उभारलेले आहे. त्याचे नाव हॉर्टा. शेवटी कळते की ती आई आहे. खाणकामगार ज्यांना निरुपयोगी दगडी गोळे समजून फोडत होते, ती तिची अंडी आहेत.

दुसरी फेरी: थांबत थांबत

खाणे उरकून दुसरी फेरी सुरू करावी. आता रिमोट जाणत्यांपैकी एकाच्या हाती द्यावा आणि चार-पाच ठिकाणीच थांबावे. प्रत्येक दृश्यावर थांबणारा माणूस बैठक मारतो. थांबायच्या जागा आधी कागदावर लिहून ठेवाव्यात. मिनिटे आपल्या प्रतीप्रमाणे टिपून घ्यावीत.

पहिली जागा शीर्षकाच्याही आधी आहे. त्या आरंभीच्या प्रसंगात कर्क नाही, स्पॉक नाही, जहाजही नाही. फक्त खाणीतली माणसे आहेत. त्यांतल्या एकाला पहाऱ्यावर एकटे ठेवून बाकीचे जातात आणि पाठीमागून त्याची किंकाळी ऐकू येते. मालिका ज्यांच्या नावावर चालते त्यांना बाजूला ठेवून ही सुरुवात कामगारांच्या भीतीने केलेली आहे. शेवटी त्याच कामगारांची चूक निघणार आहे, तरी लेखकाने आधी आपल्याला त्यांच्या बाजूला उभे केले आहे, हे दुसऱ्या फेरीतच जाणवते.

दुसरी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि पहिल्या फेरीत ती जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून सुटते. खाणीचा प्रमुख व्हँडरबर्ग आपल्या कचेरीत कर्कला सारी हकिगत सांगत आहे. त्याच्या टेबलावर एक गुळगुळीत गोल दगड आहे. स्पॉक तो उचलतो, हातात फिरवतो आणि हे काय म्हणून विचारतो. सिलिकॉनचा गोळा आहे, खाली असे हजारो सापडतात, बाजारात किंमत शून्य, असे उत्तर मिळते, आणि बोलणे पुन्हा मृतांकडे वळते. इथे चित्र थांबवून नव्या माणसाला एवढेच विचारावे, की टेबलावर काय आहे. अर्ध्या तासानंतर ज्या गोष्टीवर सारी कथा उलटते, ती गोष्ट भर उजेडात, शोभेची वस्तू म्हणून ठेवलेली आहे. आईने ज्यांच्यासाठी माणसे मारली त्यांतले एक तिथे कागदांशेजारी पडले आहे. हा गोळा पाहून स्पॉक लगेच काही निष्कर्ष काढत नाही, फक्त तो लक्षात ठेवतो, हेही पाहण्यासारखे आहे.

तिसरी आणि चौथी जागा जोडीने पाहावी. आधी शोधपथकाला सूचना देताना स्पॉक प्राण्याला जिवंत पकडता आले तर पकडावे असे सुचवतो. कर्क त्याला बाजूला घेऊन खडसावतो, की आपण प्राणिशास्त्राच्या सहलीला आलेलो नाही. स्पॉकचे म्हणणे असे, की हा आपल्या जातीचा शेवटचा जीव असेल तर त्याला मारणे हा विज्ञानाविरुद्धचा गुन्हा ठरेल. पुढे बोगद्यात दरड कोसळून कर्क एकटा अडकतो आणि हॉर्टा त्याच्या समोर येते. कम्युनिकेटरवरून स्पॉकचा आवाज येतो: ताबडतोब मारून टाका. आणि कर्क मारत नाही. दोघांच्या भूमिका पूर्ण अदलाबदल झालेल्या असतात. ज्याने दयेची बाजू तर्काने मांडली, त्याचा तर्क मित्र धोक्यात येताच ढासळला. ज्याने मारण्याचा हुकूम दिला, तो समोरासमोर आल्यावर फेझर, म्हणजे हातातले किरणांचे शस्त्र, खाली करून बसला. कोण बरोबर, यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो. माझे मत असे आहे, की कर्कला दया सुचली ती प्राणी जखमी आहे आणि तो हल्ला करत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले म्हणून. स्पॉकला ते पाहण्याची सोय नव्हती.

पाचवी जागा स्पॉकच्या माइंड मेल्डची. हॉर्टाच्या मनाशी जोडला जाताच तो वेदनेने ओरडतो. एरवी ज्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही तो नट, लेनर्ड निमॉय, इथे सारे आवरण टाकून देतो. मग हॉर्टा खडकावर तीन शब्द कोरते: नो किल आय. मला मारू नका अशी ही विनवणी आहे, की मी मारणार नाही असे वचन आहे, हा प्रश्न कर्कच विचारतो. भाग त्याचे उत्तर देत नाही, बैठकीनेही देऊ नये.

शेवटच्या प्रसंगावर थांबायचे की नाही हे वेळ पाहून ठरवावे. अंडी फोडली हे कळल्यावर कामगार हळहळतात खरे, पण समेट होतो तो हॉर्टाची पिल्ले बोगदे खणतील आणि खाणीला अमाप खनिज मिळेल या हिशोबावर. मला हा शेवट कथेतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. काही जाणत्यांचे म्हणणे याच्या उलट आहे: माणसे अशाच कारणांनी शेजारधर्म पाळतात, तेव्हा लेखकाने खोटे काही लिहिलेले नाही. नव्या माणसाने आपले मत बनवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या भागात एकाही स्त्रीच्या तोंडी संवाद नाही. सगळी बोलणारी पात्रे पुरुष आहेत आणि कथेतली एकमेव आई बोलते ती स्पॉकच्या तोंडून.

पडद्यामागच्या गोष्टी केव्हा सांगाव्यात

दुसरी फेरी संपल्यावर, आधी नव्हे. हॉर्टा म्हणजे पोशाखाखाली रांगणारा माणूस आहे, हे कोणालाही दिसते. ते आधी सांगून टाकले की नवा माणूस पूर्ण भाग त्या पोशाखाची शिवण शोधत बसतो. नंतर मात्र अवश्य सांगावे. तो पोशाख यानोस प्रोहास्का या कलाकाराने तयार केला होता आणि आत तोच होता. त्याचे आधीचे रूप १९६५ मध्ये ‘द आउटर लिमिट्स’ या दुसऱ्या मालिकेत वापरले गेले होते. प्रोहास्काने तो पोशाख घालून दाखवल्यावर कून यांनी त्याभोवती ही कथा लिहिली, म्हणजे प्राणी आधी आला आणि आईपण मागाहून.

कर्कचे काम करणाऱ्या विल्यम शॅटनर यांना या भागाच्या चित्रीकरणातच वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. विमानाला अवकाश होता, तोवर त्यांनी काम चालू ठेवले, आणि ते गेल्यावर निमॉय यांनी माइंड मेल्डचे दृश्य त्यांच्यावाचून दिले. पुढे शॅटनर यांनी हाच आपला सर्वांत आवडता भाग असल्याचे सांगितले आहे. हे ऐकल्यावर काही जण ते दृश्य तिसऱ्यांदा पाहायला मागतात. वेळ असेल तर दाखवावे.

चर्चा

चर्चेला दोन धागे पुरतात, आणि दोन्ही इथल्या मातीत सापडतात.

पहिला खडकाचा. आवर्त सारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली येतो आणि कार्बनप्रमाणेच चार बंध जोडतो, म्हणून सिलिकॉनवर आधारलेल्या सजीवांची कल्पना विज्ञानकथेत रुजली. तिच्यातली अडचणही समजावून द्यावी. कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की वायू तयार होतो आणि तो श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉनचा झाला की सिलिका बनते, म्हणजे वाळू आणि गारगोटी. असा प्राणी उच्छ्वासात वाळू टाकणार तरी कशी, हा प्रश्न विज्ञान शिकणाऱ्या मुलांना पुढे कामाला लावतो. आपला जांभा याच्या उलट टोकाला आहे: लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली बरीचशी सिलिका धुऊन नेली आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यामुळेच तो तांबडा दिसतो. सड्यावर राहणाऱ्या हॉर्टाचे हाल झाले असते.

चिरेखाणीवर काम केलेला माणूस बैठकीत असेल तर त्याला बोलते करावे. अशाच एका काकांनी आमच्याकडे पहिल्याच बोगद्याकडे बोट दाखवून विचारले होते, “ह्यो बोगदो इतको गुळगुळीत, मग ढिगारो खंय गेलो?” प्रश्न बिनतोड आहे. प्राणी आम्लाने खडक विरघळवत जातो असे भागात मानले आहे, पण विरघळलेला खडक कुठेतरी साचायला हवा, आणि बोगद्यांची जमीन तर स्टुडिओच्या फरशीइतकी सपाट आहे, कारण ती स्टुडिओचीच फरशी आहे. असे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. हाताला काम माहीत असलेल्या माणसाला जे दिसते ते मालिकेची सारी माहिती पाठ असलेल्यालाही दिसत नाही.

दुसरा धागा अंड्यांचा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आणि किनाऱ्यावरच्या इतर काही गावांत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. ती राखण करायला थांबत नाही. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात. आज गावातली माणसे पहाटे किनाऱ्यावर माग काढत फिरतात, अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्ले निघाली की ती पाण्याकडे सोडतात. हॉर्टा आणि कासव यांची तुलना इथेच थांबवून एक फरक मांडावा: जेनस सहावरच्या कामगारांना ते गोळे म्हणजे अंडी आहेत हे ठाऊकच नव्हते, आपल्या किनाऱ्यावर मात्र ती अंडी आहेत हे सर्वांना ठाऊक होते. मग कामगारांचा दोष नेमका कोणता? न कळण्याचा, की हजारो एकसारखे गोळे पाहूनही कोणाला न विचारण्याचा? या प्रश्नावर वयस्कर मंडळी आणि तरुण यांची मते बहुधा वेगळी पडतात.

बोलणे हळूहळू रेडीच्या खाणींवर, डंपरच्या धुळीवर आणि गावच्या राजकारणावर जाणार, हे गृहीत धरावे. थोडे जाऊ द्यावे. दहा मिनिटांनंतरही व्हँडरबर्गचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही, तर घरमालकाने टेबलावरच्या गोळ्याची आठवण करून द्यावी.

नव्या माणसाने चर्चेत गप्प बसण्याचे कारण नाही. जाणत्यांकडे तारखा आणि नावे असतात, पण भाग पहिल्यांदा पाहताना काय वाटले हे त्यांना आता सांगता येत नाही. ती माहिती त्या खोलीत फक्त नव्या माणसाकडे असते. त्याने भीती कोणत्या क्षणी थांबली ते सांगावे, आणि थांबलीच नसेल तर तेही सांगावे.

पुढची बैठक ठरवणे

उठण्यापूर्वी पुढचा भाग आणि घर ठरवून घ्यावे, नंतर फोनवर ठरवू म्हटले की ते राहून जाते. शेवटची एसटी पकडायची असलेल्यांची मते आधी घ्यावीत. ‘द डेव्हिल इन द डार्क’नंतर १५ डिसेंबर १९६६ चा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. त्यात दोन जहाजे एकमेकांना न दिसता एकमेकांचा माग काढतात, आणि समुद्रावर होडी घेऊन जाणाऱ्यांना तो डावपेच चटकन कळतो. त्यातल्या शत्रूच्या सेनापतीचे काम मार्क लेनर्ड यांनी केले आहे. पुढे दुसऱ्या पर्वात तेच स्पॉकचे वडील झाले. हे मात्र नव्या माणसाला आधी सांगू नये, चेहरा त्याला स्वतःला ओळखू द्यावा. या भागात जहाजावरची माणसे बराच वेळ दबक्या आवाजात बोलतात, त्यामुळे पत्र्याचे घर असेल तर तारीख दिवाळीनंतरची धरावी.